शोरूमची पांढरी फरशी

२०१९ सालचा मार्गशीर्ष होता, थंडी कडक. माझ्या दारात जागा नाही, म्हणून नवी मोटरसायकल मी शेजारच्या इंदूबाईंच्या अंगणात लावायचो. तिचं ऑइल गळून शहाबादी फरशीवर डाग पडले. बायको गेल्यापासून माझ्याशी दोन शब्द बोलणाऱ्या इंदूबाई एकट्याच. डागांपायी त्यांनीही बोलणं टाकलं.

गळती कुठून ते दिसावं म्हणून मी इंजिन पुसलं, त्यावर पावडर मारली आणि एक फेरी मारून आलो. खालच्या झाकणाच्या सांध्यातून काळी धार उतरली होती. तशीच गाडी शोरूमला नेली. मॅनेजर सरोदेंनी दारातूनच पाहिली.

"आजोबा, हे गळणं नव्हे. इंजिनाला घाम येतो. वॉरंटीत बसत नाही."

"बरं," म्हणालो, आणि गाडी ढकलत आत नेऊन नव्या गाड्यांच्या रांगेत, पांढऱ्या फरशीवर उभी केली.

सरोदे धावले. "अहो, बाहेर काढा! फरशीला डाग पडतील!"

"घामानं डाग पडतात होय, साहेब?"

गिऱ्हाइकं हसली. सरोदेंनी मेकॅनिकला हाक मारली. झाकणाच्या सांध्यातलं नवं पॅकिंग वॉरंटीत बसलं.

घरी येऊन मी सोडा आणि काथ्या घेतला, इंदूबाईंचं अंगण घासलं. शेवटचा डाग निघाला तेव्हा त्यांच्या कट्ट्यावर चहाचा कप ठेवलेला होता.