मोगऱ्याखालच्या मुंग्या

फार मागच्या काळी कुंदवती नावाच्या नगरात धृतवर्मा राजा राज्य करीत होता. त्या वेळी बोधिसत्त्वांनी एका माळ्याच्या घरी जन्म घेतला होता. नाव नंदिल. राजाच्या बागेत मोगऱ्याचा मोठा ताटवा होता आणि त्याला लागूनच नंदिलाची झोपडी. राणी सोमेची वेणी रोज ह्याच मोगऱ्याची व्हायची.

नंदिलाची बायको रेवा वारली, त्याला चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. सकाळी भाकरी थापून झाली की तो चिमूटभर पीठ घेई, त्यात गुळाचा खडा कुस्करी आणि दारातल्या मोगऱ्याच्या बुंध्याशी टाकी. मुंग्यांची रांग लागे. शेजारी बसून तो म्हणे, "हळू बायांनो, पुरेल सगळ्यांना." अख्ख्या दिवसात त्याच्या तोंडून निघत ते तेवढेच शब्द.

होता होता मुंग्यांनी तिथेच घर केलं. बुंध्याशी वारूळ उठलं. कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे बारीक कीड, पडला होता. त्याचा गोड रस त्यांना सापडला, मग मावाही वाढला आणि मुंग्याही. एक दिवस वेणी माळताना राणीच्या मानेला मुंगी कडकडून चावली.

बागेचा कारभारी चंडक तणतणत आला. "म्हाताऱ्या, मुंग्यांशी सोयरीक केलीस की काय? महाराजांचा हुकूम आहे. अमावास्येला ताटव्यात एक मुंगी दिसली, तर तू ह्या बागेत दिसायचा नाहीस."

"बरं."

"बरं काय? दोन हंडे कढत पाणी ओत वारुळात. दुपारपर्यंत मोकळा होशील."

नंदिलाने मान खाली घातली. "कारभारी, त्या आपणहून नाही आल्या. मी बोलावल्या. बोलावलेल्यांच्या अंगावर कढत पाणी कसं ओतू?"

"मग बांध गाठोडं," म्हणून चंडक निघून गेला.

नंदिल झोपडीच्या दारात टेकला. ह्याच झोपडीत रेवा नांदली होती. ही सुटली तर ह्या वयात जायचं कुठे? बसल्या बसल्या त्याला एक गोष्ट उमगली. मुंग्यांना काही त्याच्या पिठाची गरज नव्हती. त्यालाच कुणीतरी दाराशी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मावा पडलेले शेंडे एकेक करून खुडले. टोपलीत घालून ते कुंपणापलीकडच्या उंबराखाली हलक्या हाताने ठेवले. मग पीठ घेतलं आणि बुंध्यापासून दहा पावलांवर टाकलं. मुंग्या हुडकत हुडकत आल्या. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी दहा पावलं. गुडघे दुखत, तरी तो रोज वाकून टाकीत गेला. बाराव्या दिवशी पांढरी अंडी तोंडात धरून मुंग्यांची काळी रेघ कुंपणाखालून पलीकडे चालली होती. शेवटची मुंगी जाईपर्यंत तो उन्हात उभा होता.

अमावास्येला चंडकाने ताटवा हलवून पाहिला, पानं उलटून पाहिली. "गेल्या कुठे?"

"उंबराखाली."

"मग आता तिकडे जाऊन बसत असशील गप्पा मारत."

"नाही. मी पीठ घेऊन गेलो, तर माझ्या मागोमाग परत इकडे येतील. मग कुणीतरी कढत पाणी घालील."

चंडकाचा आवाज उतरला. "राणीसाहेबांनी विचारलंय, तुला काय हवं?"

"झोपडी राहिली. पुष्कळ झालं."

चंडक गेला. नंदिल उंबरठ्यावर बसला. बोलायला समोर कुणी नव्हतं. जीव जड झाला. त्याने तो जड होऊ दिला, पण कुंपणाकडे पाऊल टाकलं नाही. पुढे तो सात वर्षं जगला आणि एकटाच राहिला. उंबराखाली मुंग्या सुखाने नांदल्या. आपलं कुणी म्हातारं माणूस कुंपणाच्या अलीकडे आहे, हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

सोबती सोडून गेला म्हणून खिन्न बसलेल्या एका भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही हकीकत सांगितली आणि ते म्हणाले, "तेव्हाचा चंडक म्हणजे आज विहाराचं कोठार सांभाळणारा तापट स्थविर. राणी सोमा म्हणजे रोज फुलं घेऊन येणारी उपासिका. त्या मुंग्या म्हणजे इथे बसलेले तुम्ही सारे. आणि तो माळी मीच होतो."

आपल्याजवळ राहावं अशी अट न घालता दुसऱ्याचं भलं इच्छिणं, ही मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता.