तांबटाने तोललेला लॅपटॉप

चढणीवरच्या एका गावात हरेश्वर नावाचा एक तांबट राहत होता. तांब्याचे हंडे, घंगाळी, बंब घडवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. नवे भांडे विकत घेण्याआधी लोक ते त्याच्याकडे घेऊन येत. हरेश्वर डोळे मिटी, भांडे दोन्ही तळव्यांवर घेई आणि बोटाच्या पेराने एक टिचकी मारी. "पत्रा पातळ आहे, परत कर," नाहीतर "घे, नातवंडांना पुरेल," एवढेच बोले. त्याचा शब्द कधी खोटा ठरला नाही. तांब्याच्या कामात लबाडी करायची तर पत्रा पातळ करावा लागतो, आणि पातळ पत्रा हाताला हलका लागतो. म्हणून हलक्या वस्तूवर त्याचा जन्मभराचा राग होता.

पुढे घरोघरी स्टील आले, प्लॅस्टिक आले. भांडे तोलून घ्यायला कुणी येईनासे झाले. हरेश्वरची बायको वारली होती. घरात तो आणि त्याची मुलगी हेमांगी, दोघेच. हातोडी आठवड्यातून एखाद्या दिवशीच वाजे. बाकीचे दिवस तो जुनी अवजारे पुसून पुन्हा होती तिथेच ठेवी.

हेमांगीला शिक्षिका व्हायचे होते. तेही दुसरीकडे कुठे नाही, गावच्याच शाळेत. जिल्ह्याच्या गावी तिला डी.एड.ला प्रवेश मिळाला. तिथे जायला दोन गाड्या बदलाव्या लागत. निघण्याआधी ती म्हणाली, "दर शनिवारी येणार, आबा. दोन वर्षं काय, अशी जातील. मग मी इथेच. तुम्ही कंटाळाल माझ्या बडबडीला."

"आत्ताच कंटाळलोय," हरेश्वर म्हणाला, आणि तोंड फिरवून उगाच भाता झटकू लागला.

कॉलेजात तिला लॅपटॉप लागणार होता. वर्गात शिकवायच्या पाठांची टाचणे लिहायची, मुलांना नकाशे आणि चित्रे दाखवायची, असले रोजचे साधे काम. बापलेक तालुक्याच्या बाजारात नसीमच्या दुकानात गेले. नसीम बोलायला फटकळ, पण व्यवहाराला सरळ बाई. तिने त्यांच्या ऐपतीतले दोन लॅपटॉप काढून समोर ठेवले. दोन्हींची किंमत सारखीच.

"हा मोठा," ती म्हणाली. "पडदा ऐसपैस, झाकण धातूचं. पण एका जागी ठेवून वापरायचा. बॅटरी तास-दीड तास. हा दुसरा लहान, प्लॅस्टिकचा. सकाळी चार्ज केला की संध्याकाळपर्यंत बघायला नको. काम दोन्हींवर सारखंच होईल."

हेमांगीने लहान लॅपटॉप उचलून काखेत धरला आणि दुकानातल्या दुकानात दोन पावले चालून पाहिली. "आबा, हा..." तिने सुरुवात केली.

पण हरेश्वरने तोवर डोळे मिटले होते. मोठा लॅपटॉप त्याच्या तळव्यांवर होता. तो त्याने किंचित वर-खाली केला, पेराने टिचकी मारली. टण्ण, असा भरीव आवाज आला. मग त्याने लहान मागून घेतला. त्याचा आवाज आला थप्प. हरेश्वरने तोंड वाकडे केले.

"काका, हंडा घ्यायला आलात की लॅपटॉप?" नसीम म्हणाली. "पाणी नाही भरायचं त्यात!"

दुकानातले दोघे-तिघे हसले. हरेश्वरही हसला. "बाई, वस्तू ती वस्तू. हाताला कळतं."

"हाताला कळत असेल. पण वापरणारीला तरी विचारा."

"विचारतो की. काय गं, हाच ना?"

हेमांगीने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग हातातली पिशवी सारखी केली. "हाच, आबा," ती म्हणाली.

परतताना हरेश्वरने खोके कुणाला धरू दिले नाही. भेटेल त्याला तो सांगत होता, "दहा वर्षं बघायला नको. तोलून घेतलाय."

पहिल्या शनिवारी हेमांगी लॅपटॉप घेऊन आली. गाडी खाली फाट्यावर सोडते आणि तिथून गाव म्हणजे अर्ध्या तासाची उभी चढण. घरी पोचली तेव्हा ती घामाघूम झाली होती. संध्याकाळी रोजच्यासारखी वीज गेली आणि तासाभरात लॅपटॉपचा पडदा काळा झाला. "झोपलं बाई!" ती हसून म्हणाली आणि चुलीपाशी येऊन बसली. पाठ अर्धाच राहिला.

पुढच्या शनिवारी ती रिकाम्या हाताने आली. रविवारी सकाळी चहा होतो न होतो तोच काम आहे म्हणून परतली. त्यानंतरच्या शनिवारी आलीच नाही. मग एक आड एक, मग महिन्यातून एकदा.

हरेश्वर मात्र दर शनिवारी फाट्यावर जाई. गाडी थांबे, माणसे उतरत, गाडी जाई. रस्त्यावरची धूळ खाली बसेपर्यंत तो तिथेच उभा राही, जणू कुणी मागाहून उतरणार आहे. घरी येऊन तो दोघांच्या मापाने भात टाके आणि रविवारी उरलेला शिळा भात एकटा खाई. फोनवर ती म्हणे, "पाठ आहेत, आबा." तो म्हणे, "बरं." आणखी काय बोलावे हे दोघांनाही सुचत नसे. फोन ठेवल्यावर मात्र त्याला ढीगभर आठवे. घरची गाय व्यायली हे सांगायचे राहिले. शाळेच्या भिंतीला रंग दिला हेही सांगायचे राहिले.

शेजारच्या गोदाकाकू दारातून म्हणाल्या, "शहराचं पाणी लागलं हो पोरीला. आता कसली येते!"

 ते वाक्य हरेश्वरच्या मनात रुतून बसले. एका शनिवारी त्याने भाकरी आणि तिच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि तो स्वतःच गाडीत बसला. वाटेत त्याने बोलायचे सगळे ठरवून ठेवले होते. बाप एवढा परका झाला का, इथपासून सुरुवात होती.

वसतिगृहात पुरुषांना आत सोडत नसत. तो बाहेरच्या कट्ट्यावर बसला. बऱ्याच वेळाने रस्त्याच्या टोकाला हेमांगी दिसली. सरावाच्या शाळेत पाठ घेऊन ती येत होती. चालताना तिचा उजवा खांदा खाली झुकला होता. थोडी चालली की ती थांबे, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेई आणि पुन्हा निघे.

हरेश्वर धावला. तिने त्याला पाहिले, भरल्या डोळ्यांनी हसली, आणि ती काही म्हणायच्या आत त्याने पिशवी काढून घेतली. त्याचा हात खाली गेला. आत लॅपटॉप, त्याचा विटेएवढा चार्जर, तक्त्यांच्या गुंडाळ्या. तिच्या खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ उमटला होता. त्याखाली एक जुना, काळपट पडलेला.

"हे रोज?" त्याने विचारले.

"सरावाच्या शाळा लांब आहेत ना."

"आणि घरी? घरी का येत नाहीस?"

हेमांगीने मान खाली घातली. "हा न घेता आले तर काम राहतं, आबा. घेऊन आले तर चढण चढवत नाही. चढले तरी आपल्याकडे वीज जाते आणि हा तासाभरात झोपतो. म्हणून इथेच बसून पाठ लिहिते. खिडकीतून स्टँडवरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात. शनिवारी आपल्या तालुक्याची गाडी लागली की कळतं."

हरेश्वरला त्या ठरवलेल्या वाक्यांतले एकही आठवेना. "दुकानात बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. पण तुम्ही डोळे मिटून तोलत होतात. आई गेल्यापासून तुमचा चेहरा तसा खुललेला पाहिला नव्हता मी. मला तुमचं मन मोडवेना."

दोघे कट्ट्यावर बसले. त्याने भाकरी सोडली आणि पहिला तुकडा चटणी लावून तिच्या हातात दिला.

परतीच्या वाटेवर हरेश्वर तालुक्याला उतरला आणि नसीमच्या दुकानात शिरला. बाजाराचा दिवस होता. गावची चार माणसे तिथे उभी होती. हळू आवाजात बोलता आले असते. मुलीचे मन फिरले, असेही सांगता आले असते. क्षणभर त्याच्या ओठांवर तेच आले. पण तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "नसीमबाई, माझं चुकलं. मी तोललेली वस्तू चुकली. मला तो लहान हवा होता, तू सांगत होतीस तो."

 हरेश्वर तांबटाच्या तोंडून हे वाक्य कुणी कधी ऐकले नव्हते. नसीमने या वेळी टोमणा मारला नाही. "तो मोठा वाईट नाहीये, काका," ती म्हणाली. "त्याची जागा टेबलावर आहे. जरा थांबा, मी बघते."

पंधरा दिवसांनी तिचा निरोप आला. बाजारपेठेतल्या एका फोटोग्राफरला दुकानात ठेवायला मोठ्या पडद्याचाच लॅपटॉप हवा होता. त्याच्या बदल्यात हेमांगीने दुकानातला हवा तो निवडावा.

बापलेक तालुक्याला भेटले. हेमांगी मोठा लॅपटॉप घेऊन दुकानाची पायरी चढली. हरेश्वर बाहेरच बसला.

"आत या की, आबा."

"नको. तू बघ."

बसून राहणे त्याला सोपे गेले नाही. आतून बोलणे ऐकू येत होते, खोकी उघडल्याचे आवाज येत होते. त्याने हात मांड्यांखाली दाबून धरले. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. पिशवी उघडून दाखवू लागली, तेव्हा तो म्हणाला, "आत्ता नको. शनिवारी घरी घेऊन ये. तेव्हा बघीन."

ते सहा दिवस त्याला सहा महिन्यांसारखे गेले. शनिवारी तो दुपारपासूनच फाट्यावर जाऊन बसला. गाडी आली. एक म्हातारा उतरला, दोन बाया उतरल्या, कुणाचे तरी कोंबड्यांचे खुराडे उतरले. त्यामागून हेमांगी उतरली. खांद्याला पिशवी, हातात तक्ते.

जन्माच्या सवयीने हरेश्वरने पिशवीसाठी हात पुढे केला.

"राहू द्या, आबा," हेमांगी म्हणाली. "जड नाहीये."

आणि ती चढणीला लागलीसुद्धा. हरेश्वर तिच्या मागून निघाला, तेव्हा ती बरीच पुढे गेली होती आणि वरून ओरडून विचारत होती, "आबा, गाय व्यायली का हो?"

तात्पर्य: आपल्या माणसासाठी वस्तू निवडताना आपला जाणता हात बाजूला ठेवावा आणि ज्याला ती रोज वाहायची आहे त्याला आधी विचारावे, न विचारता दिलेल्या प्रेमाचेही ओझे होते, आणि ते ओझे माणसाला घरापासून लांब ठेवते.