कुमुदवतीच्या कोंबड्या

एका राज्यात, जिथे नदी राजवाड्याच्या पायऱ्या धुऊन पुढे जात असे, तिथे धवलकीर्ती नावाचा राजा राज्य करीत होता. त्याला कुमुदवती नावाची एकुलती एक कन्या होती. तिचे केस दासी विंचरीत, तिचे ताट आचारी वाढीत, आणि तिच्या तळपायाला कधी अंगणाची माती लागली नव्हती.

राज्याच्या सीमेवर तमोधर नावाचा जादूगार राहत असे. एके दिवशी तो भरदरबारात आला आणि त्याने राजकन्येला मागणी घातली. राजाने कन्येकडे पाहिले. कुमुदवती म्हणाली, "नाही."

जादूगार रागावला नाही. त्याने झोळीतून मूठभर तांदूळ काढले, ओठांशी नेऊन मंत्रले आणि दरबारात उधळले. राजा, राणी, प्रधान, सेनापती, दासी, आचारी, साऱ्यांच्या कोंबड्या झाल्या आणि तांदूळ टिपू लागल्या. जादूने नर-नारी असा भेद केला नाही. एकटी कुमुदवती तेवढी माणूस राहिली.

तमोधर म्हणाला, "शापाला उःशाप द्यावा लागतो, हा आमच्या विद्येचा नियम आहे. तेव्हा ऐक. पळस फुलेपर्यंत या साऱ्या जिवंत राहिल्या, तर माझा मंत्र माझ्याकडे परत येईल. एक जरी मेली, तर उरलेल्या कायमच्या कोंबड्या. मध्येच थकलीस, तर दारात उभी राहून माझे नाव घे. तू माझी होशील, ही माणसे माणसे होतील."

"आणि माझ्या मदतीला कोण?"

"कोणी नाही," जादूगार म्हणाला आणि गेला. त्याच्या पाठोपाठ राजवाड्याच्या तिन्ही बाजूंना काटेरी रान उगवले. चौथ्या बाजूला नदी होती. त्या दिवसापासून नदीत नाव दिसेनाशी झाली.

तेव्हा श्रावण सरत आला होता.

कुमुदवतीने कोठार उघडले आणि दाणे टाकले. परातीत पाणी ठेवले. संध्याकाळी साऱ्यांना हाकलत हाकलत रथशाळेत नेले आणि दार लावले. रथांचे जुने दांडे आडवे बांधून दिले, त्यांवर त्या ओळीने बसल्या. राखी, काळी, ठिपक्यांची, उघड्या मानेची. त्यांतली आपली आई कोणती हे तिला कळेना. तिने एकेकीसमोर बसून "आईसाहेब" म्हणून हाक मारून पाहिली. ज्यांच्या पुढे दाणे होते त्या दाणे टिपत राहिल्या, ज्यांच्या पुढे नव्हते त्या उठून गेल्या. शेवटी तिने ठरवले की प्रत्येकच आई असू शकते, म्हणून प्रत्येकीला तसेच सांभाळावे.

दिवस जाऊ लागले. आपला आवाज विसरू नये म्हणून ती स्वतःशीच बोलत असे. कळपात कोंबडा नव्हता, म्हणून पहाटे आरवणारेही कोणी नव्हते. उजाडे ते मुकाट्याने.

आश्विनात कोंबड्यांचे तुरे फिके पडू लागले. अंडी आटली. संध्याकाळ झाली की त्या रथशाळेत जायला नको म्हणत, बकुळीच्या बुंध्याशी गोळा होत. कुमुदवतीने दाण्यांत तूप कालवले. देवघरातला अंगारा लावला. दोघीतिघींना शालीत गुंडाळून ठेवले. काही गुण आला नाही. एक राखी कोंबडी तर उभी राहिली की झोकांड्या देऊ लागली.

त्या राज्यात भारद्वाज पक्षी बोलत असत, पण वायफळ बोलत नसत. एका माणसाला तीनदाच उत्तर द्यायचे, असा त्यांचा कुळाचार होता. असा एक भारद्वाज अंगणातल्या बकुळीवर येऊन बसे. कुमुदवती झाडाखाली गेली आणि हात जोडून म्हणाली, "पक्षिराज, माझ्या कोंबड्या फिक्या का पडल्या?"

भारद्वाज म्हणाला, "तू त्यांना दिवसा पाहतेस. त्या निजतात ती जागा कधी पाहिलीस का?"

तिन्हीसांजेला ती पणती घेऊन रथशाळेत शिरली. दांड्यांच्या फटींत तिने केसातला आकडा घालून ओढला. राईहून बारीक किडे भराभरा बाहेर आले. तिने बोटाने चिरडले, तर बोट तांबडे झाले. ते रक्त कोंबड्यांचे होते. दिवसा हे किडे लाकडात लपत आणि अंधार पडला की बसलेल्या पाखरांच्या पायांवरून वर चढत.

दुसऱ्या दिवशी राजकन्येने पदर खोचला. जुना पेंढा बाहेर काढून जाळला. रांजणभर पाणी उकळून फटीफटींत ओतले. तळघरातला चुना कालवून भिंतींना आणि दांड्यांना फासला, आणि उन्हाच्या जागी खड्डा करून त्यात चुलीतली राख आणि कोरडी माती भरली. कोंबड्या त्या राखेत लोळल्या, पंख झटकले, पुन्हा लोळल्या. काही दिवसांनी तिने तेच सारे पुन्हा केले, कारण फटींत किड्यांची अंडी राहिली असणार असे तिला वाटले. आणि ती राहिलीच होती. तिच्या तळहातांची चुन्याने सालटी निघाली. पण दिवाळीच्या सुमारास तुरे पुन्हा लाल झाले. दिवाळी होती हे तिला चंद्रावरून कळले. तिने एक पणती दारात ठेवली आणि आत निघून गेली.

मार्गशीर्षात ठिपक्यांची कोंबडी खाईनाशी झाली. मान आखडून कोपऱ्यात उभी राही. कुमुदवती तिच्याभोवती दिवसभर फिरली. डोळे स्वच्छ, तुरा लाल, अंगावर किडा नाही. पाहण्यासारखे जे जे होते ते तिने पाहिले आणि तिला काही कळले नाही.

ती बकुळीखाली गेली. "पक्षिराज, हिला काय झाले?"

"डोळ्यांनी जे कळत नाही, ते हातांना विचार," भारद्वाज म्हणाला. "सकाळी, दाणे टाकायच्या आधी."

आता खरे सांगायचे तर इतक्या महिन्यांत तिने एकाही कोंबडीला नीट हातात धरले नव्हते. शालीत गुंडाळी तेही डोळे मिटून. चोचीची, नखांची, त्या धडधडणाऱ्या उबदार अंगाची तिला भीती वाटे. सकाळी तिने ठिपक्यांची कोंबडी मांडीवर घेतली आणि गळ्याखाली बोटे फिरवली. रात्रभर उपाशी असलेल्या पाखराची दाण्यांची पिशवी रिकामी, मऊ असायला हवी. हिची मुठीएवढी फुगलेली आणि कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट होती.

कुमुदवतीला मग उमगले. अंगण सारे फरसबंदीचे. कोंबडीला दात नाहीत, ती बारीक खडे गिळते आणि पोटात त्यांवरच दाणे दळले जातात. इथे खडे नव्हते. त्यात कौतुकाने तिने नदीकाठचे लांब गवत उपटून आणून घातले होते. ते सारे आत गुंतून बसले होते.

तिने चोच उघडून थेंब थेंब तेल सोडले आणि त्या गोळ्याला हलक्या बोटांनी चोळले. जोर लावला नाही, उलटे धरले नाही. दाणे बंद केले, फक्त पाणी ठेवले. दिवसातून कितीदा तरी ती तिला मांडीवर घेई. गोळा आधी मऊ झाला, मग लहान झाला, मग एका सकाळी नव्हताच. तेव्हा तिने तिला पातळ पेज दिली, आणि नदीची जाड वाळू आणि शिंपल्यांचा चुरा परातीत भरून साऱ्यांपुढे ठेवला.

ठिपक्यांची बरी झाली आणि इतर कोंबड्यांत मिसळली. तिने मागे वळून पाहिले नाही. कुमुदवतीच्या मांडीला तिच्या उबेची सवय झाली होती.

पौषात थंडी वाढली. एका दुपारी काटेरी रानातून एक सोनेरी कोंबडी वाट काढून आली आणि माणसाच्या आवाजात म्हणाली, "राजकन्ये, मला आसरा देशील का?"

कुमुदवतीच्या डोळ्यांतून पाणी आले. भारद्वाजाची दोन उत्तरे सोडली, तर कितीतरी महिन्यांत कोणी तिच्याशी बोलले नव्हते. तिने कोंबडीला उचलून छातीशी धरले आणि सरळ रथशाळेत नेऊन साऱ्यांच्या मध्ये ठेवले. सोनेरी कोंबडी नदीच्या गोष्टी सांगे, माशांची नावे सांगे. कुमुदवती दाणे निवडी, ऐके आणि हसे.

मग राखी कोंबडी शिंकली. मग काळी. काहींच्या डोळ्यांत फेस आला, पापण्या सुजून मिटल्या, छातीत घरघर सुरू झाली. तिने दांड्यांच्या फटी पाहिल्या, तिथे किडे नव्हते. गळ्याखाली हात फिरवला, पिशव्या मऊ होत्या. तेव्हा ती तिसऱ्यांदा बकुळीखाली गेली.

भारद्वाजाने विचारले, "नवे कोण आले?"

कुमुदवतीने रथशाळेकडे पाहिले.

"जे नवे आहे ते आधी वेगळे ठेवायचे असते," भारद्वाज म्हणाला. "तू ठेवले नाहीस. आता नव्याला वेगळे कर, आजाऱ्यांना वेगळे कर, आणि एकीकडची घाण दुसरीकडे नेऊ नकोस. हे माझे शेवटचे उत्तर." एवढे बोलून तो उडाला आणि पुन्हा त्या झाडावर आला नाही.

नदीच्या घाटावर दगडी छत्री होती. कुमुदवतीने सोनेरी कोंबडीला टोपलीखाली घेऊन तिथे नेले. जवळून पाहिले तेव्हा तिच्याही डोळ्याच्या कोपऱ्यात पाणी दिसले. थोडेसेच होते, कोणालाही दिसले नसते.

"मला इथे एकटी ठेवणार?" कोंबडीने विचारले.

"होय."

"मी तुला काही केले का?"

"तू केले नसशील. पण ते तुझ्याबरोबर आले."

कोंबडी म्हणाली, "मी नावाड्याची मुलगी आहे. माझे नाव तगर. तमोधराने मला कोंबडी करून पिंजऱ्यात ठेवले, आणि वाचा तेवढी राहू दिली. मग एके दिवशी म्हणाला, तिकडे जा, तिथे तुझ्याशी कोणी बोलेल. मी आजार घेऊन जाते आहे हे मला माहीत नव्हते. बोलायला मिळेल, एवढेच मी ऐकले."

कुमुदवती म्हणाली, "मीही तेवढेच ऐकले होते."

आजारी कोंबड्या तिने हत्तीखान्यात हलवल्या. तिथे कोरडा पेंढा अंथरला, वारा खेळेल पण अंगावर येणार नाही अशा झापा बांधल्या. रोज आधी धडधाकट कोंबड्यांचे दाणापाणी करी, मग आजाऱ्यांचे, आणि शेवटी तगरीचे. तिथून परतली की हातपाय राखेने घासून धुवी आणि लुगडे बदली. मीठ घातलेल्या कोमट पाण्याने एकेकीचे डोळे पुशी, अडुळशाचा काढा थेंबाथेंबाने पाजी. साऱ्यांचे उरकले म्हणजे घाटाच्या वरच्या पायरीवर, छत्रीपासून दूर, बसे आणि मोठ्याने विचारी, "तगर, आज कशी आहेस?" खालून उत्तर येई. नदीच्या आवाजात निम्मे शब्द वाहून जात.

काळी कोंबडी सर्वांत वाईट होती. मान टाकून, चोच उघडून श्वास घेई. ज्या दिवशी तिने पाणीही घेतले नाही, त्या दिवशी तमोधर दारात उभा राहिला.

"ही वाचणार नाही," तो म्हणाला. "माझे नाव घे. औषध माझ्या झोळीत आहे."

कुमुदवतीने काळीला हातांत धरले होते. ती कोण होती? आई असेल, वडील असतील. एक नाव घेतले की झाले. तिचे ओठ हललेही.

"हा आजार कोणाचा?" तिने विचारले.

जादूगार नुसता हसला.

"ज्याने आजार धाडला, त्याच्या हातचे औषध मी पाजणार नाही. उद्या ही माणसे त्याच हाताखाली राहतील. तू जा."

"मग ती मरेल."

"मरेल तेव्हा मरेल. अजून ती श्वास घेते आहे, आणि मला काम आहे."

तो गेला. कुमुदवतीने काळीच्या नाकपुड्यांवरची खपली ओल्या कापसाने काढली, बोट काढ्यात बुडवून चोचीच्या कडेला लावले. पुन्हा लावले. ती रडत होती, पण हात थांबला नाही. दुसऱ्या दिवशी काळीने बोटावरचा थेंब टिपला. तिसऱ्या दिवशी ती बोटाला चावली, आणि कुमुदवतीला त्या चावण्याचा फार आनंद झाला.

माघ गेला. शिंका थांबल्या, डोळे उघडले. घाटावर तगरीचा आवाजही खणखणीत झाला. तरी कुमुदवतीने घाई केली नाही, सारी चिन्हे जाऊन बरेच दिवस लोटल्यावरच तिने छत्रीतली टोपली उचलली.

आणि एका सकाळी नदीपलीकडचा पळस पेटल्यासारखा फुलला.

तमोधर आला. त्याने कोंबड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. एकही कमी नव्हती. तेव्हा त्याचा मंत्र त्याच्याकडे परत आला. जादूगार जागच्या जागी मूठभर तांदूळ झाला, आणि साऱ्या कोंबड्यांनी मिळून तो टिपून टाकला. शेवटचा दाणा गेला तशी त्यांची माणसे झाली. काटेरी रान जमिनीत गेले, नदीत नावा दिसू लागल्या.

राजाने मुकुट सावरला. आईसाहेबांनी कन्येला पाहून विचारले, "अगं, तुझ्या हातांना काय झाले? आताच तर आम्ही दरबारात बसलो होतो."

कुमुदवती सांगू लागली. सारे मन लावून ऐकत होते, पण कोणाला काही आठवत नव्हते. आपण फिके पडलो होतो, कोणाच्या मांडीवर होतो, कोणाच्या बोटाला चावलो होतो, काही नाही. त्यांच्या लेखी एक क्षण गेला होता. काळी कोण होती, ठिपक्यांची कोण होती, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. प्रधानांनी "फार कष्ट पडले असतील" असे म्हटले. आचाऱ्यांनी चुली पेटवल्या. राजाने नगरात दवंडी पिटवली, आणि राज्याचा गाडा पूर्ववत चालू लागला.

संध्याकाळी कुमुदवती घाटावर गेली. वरच्या पायरीवर एक सावळी मुलगी बसली होती. तिचे कुणीच उरले नव्हते, म्हणून ती कुठे गेली नव्हती.

"तू तगर," राजकन्या म्हणाली.

"होय."

कुमुदवती तिच्या शेजारी बसली. खाली नदी वाहत होती.

थोड्या वेळाने तगर म्हणाली, "त्या काळीने पाणी घेतले नाही, त्या दिवशी तू इथे आली नव्हतीस. मी वाट पाहिली. मला वाटले, ती गेली."

"मीही तसेच समजले होते," कुमुदवती म्हणाली, आणि तिला सारे पहिल्यापासून सांगू लागली.