मानाचं पीस

ओढा बारमाही वाहायचा, तेव्हाची गोष्ट. काठावर मोरशेठचा कबड्डीचा संघ होता, सगळे गडी बेडूक. खेकडेमास्तरांनी त्यांना पायाची पकड शिकवली, तसा संघ जिंकायला लागला. मग कौतुक कुणाचं, यावरून मास्तर आणि शेठ भांडले, नि मास्तर संघ सोडून गेले.

पुढं जत्रेत शेठनी एकेका गड्याला मानाचं पीस दिलं. पाणी देणाऱ्या कासवालाही दिलं, बरं का.

"शेठ, आणि मास्तरांना?" बेडकांनी विचारलं.

"पिसं माझी, संघ माझा. पाय धरायला काय अक्कल लागते?"

"मग सोडवून दाखवा की!" म्हणत मास्तर गर्दीतून आले आणि त्यांनी शेठचा घोटा धरला.

शेठनी पंख फडफडवले, ते गोल गोल नाचले. पकड काही सुटेना. त्या झटापटीत एक पीस गळून मास्तरांच्या पाठीवर पडलं. बेडूक हसून लोळायला लागले.

"मिळालं ना पीस? सोडा आता!" शेठ ओरडले.

"पडलेलं नको, शेठ. दिलेलं हवं."

शेठनी फडफड थांबवली. मग त्यांनाही हसू आलं. मान वाकवून त्यांनी पीस चोचीनं उचललं आणि मास्तरांपुढं धरलं.

मानाची वस्तू दोन्ही नांग्यांनी घ्यायची असते. म्हणून मास्तरांनी घोटा सोडला.