काचेचं पोट कुठल्या अंगाला

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा घाटाला नावसुद्धा नव्हतं. लोक नुसतं घाट म्हणायचे आणि कुठला घाट ते सगळ्यांना कळायचं.

त्या घाटात धुकं राहायचं. येऊन जायचं नाही हो, राहायचं. भर दुपारी बैलाला स्वतःची शिंगं दिसायची नाहीत. खालून मीठ वर जायचं, वरून नाचणी खाली यायची. वाट अरुंद, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी. म्हणून राजाचा हुकूम होता, गाडीच्या पुढे दिवा असल्याशिवाय घाटात चाक घालायचं नाही.

ते दिवे घडवायचा घाटाखालचा एक तांबट. हाताचा चोख, जिभेचा तिखट. त्याचा जुना दिवा चांगलाच होता, पण त्यात एक खोड होती. पुढची काच पत्र्यात कायमची जखडलेली असायची. चाकाखालचा खडा उडून काच तडकली की सगळा दिवाच फुकट. गाडीवान बिचारा नवा दिवा होईपर्यंत चार-चार दिवस तांबटाच्या ओट्यावर तंबाखू मळत बसायचा.

तांबटाने डोकं लढवलं. काचाऱ्याकडून निराळी काच ओतून घेतली. एका अंगाला फुगीर, दुसऱ्या अंगाला खोलगट, लहानशा ताटलीसारखी. दिव्याच्या तोंडाला पितळेचं कडं बसवलं. कडं फिरवलं की सैल व्हायचं आणि काच हातात यायची. तडकली तर नवी घाला, काजळली तर पुसा, परत कडं आवळा. ज्याचं त्याने करावं, जिथल्या तिथे करावं. गाडीबरोबर दोन काचा जादा बांधून दिल्या की झालं.

पहिले आठ दिवस सगळा घाट त्याचं नाव घेत होता.

नवव्या दिवशी एक गाडी कड्यालगतच्या चरात गेली. दहाव्या दिवशी दुसरी कड्याला घासली. बाराव्या दिवशी तिसऱ्या गाडीचं चाक दरीवर लोंबलं, मिठाची पोती खाली गेली आणि गाडीवानाचा पाय मोडला.

गाडीवान दिवा घेऊन तांबटाकडे आले.

"तांबटदादा, तुमचा दिवा समोर बघत नाही."

"मग कुठे बघतो?"

"सगळीकडे बघतो. आणि समोर पांढरी भिंत उभी करतो. भिंतीत बैल घालायचे कसे?"

तांबटाने दिवा हातात घेतला. कडं फिरवलं, काच काढली, धोतराच्या सोग्याला पुसली, परत बसवली, कडं आवळलं आणि वात पेटवली. उजेडाची सरळ काठी गल्लीतून गेली ती थेट समोरच्या कासाराच्या दारावर टेकली. दारावरचा खिळा न् खिळा दिसायला लागला.

"कुठे आहे भिंत?"

गाडीवान बघतच राहिले. "आत्ता नाही खरी."

"मग पुढच्या खेपेला डोळे धुऊन जात जा."

गाडीवान गेले. दोन दिवसांनी दुसरे आले, तीच तक्रार घेऊन. तांबटाने दिवा घेतला, कडं फिरवलं, काच पुसली, बसवली, पेटवला. लख्ख. तिसरे आले. त्यांचाही लख्ख.

आता तांबटाचं डोकं चालेना. त्याच्या ओट्यावर एकही दिवा बिघडलेला नव्हता आणि घाटात एकही धड चालत नव्हता. त्याने तेल बदलून पाहिलं. वाती जाड केल्या, मग बारीक केल्या. दिव्याच्या आतली पितळी वाटी चिंचेने घासून आरशासारखी केली. काही फरक पडेना.

त्यात आणखी एक कोडं. घाटात एक आळशी गाडीवान होता, इतका आळशी की त्याचे बैलच त्याला उठवायचे. त्याच्या दिव्याची काच काजळीने काळी पडलेली. त्याने ती जन्मात पुसली नव्हती. त्याची गाडी मात्र रोज सुखरूप खाली यायची. आणि जी माणसं नेटकी, दर वळणाला काच पुसणारी, त्यांच्याच गाड्या चरात. तांबट बायकोला म्हणाला, "अगं, जो दिवा निगुतीने राखतो तो पडतो आणि जो राखत नाही तो वाचतो. हे कसलं गणित?"

बायको म्हणाली, "मला गणित नका विचारू. मला एवढंच सांगा, लेकीला आणायचं कधी?"

खरी गाठ तिथेच होती, बरं का. तांबटाची एकुलती लेक घाटावर दिली होती. पहिलटकरीण, नववा भरत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. आणि तिच्या सासरी, वर धनगरांच्या वस्तीत, सुईणसुद्धा नव्हती. तिला आणायचं तर घाटातूनच, आणि बापाच्याच दिव्याच्या उजेडात.

अशात घाटाचा नाईक दारात येऊन उभा राहिला. घाटातल्या येण्याजाण्याची जबाबदारी त्याची. बोलायला मऊ होता, पण बोललेलं फिरवायचा नाही.

"तांबटबुवा, माझा एक माणूस लंगडा झाला. तुम्हाला आठ दिवस देतो. दिव्यात काय बिघडलंय ते दाखवा. नाही दाखवलंत, तर तुमचे सगळे दिवे दरीत टाकीन आणि धुकं उठेपर्यंत घाट बंद करीन."

"धुकं उठेपर्यंत म्हणजे दोन महिने, नाईक. माझी लेक वर आहे."

"ठाऊक आहे. म्हणूनच आठ दिवस म्हणालो, नाहीतर चारच म्हणणार होतो."

तांबटाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. घाट बंद झाला तर लेक वर अडकते. उघडा राहिला तर या दिव्याच्या भरवशावर खाली येते. कुठल्या गोष्टीची प्रार्थना करावी, तेच त्याला कळेना.

पाचव्या दिवशी त्याने ठरवलं, ओट्यावर बसून काही उमगायचं नाही. मीठ नेणारी एक बाई होती. नवऱ्यामागे तीच गाडी हाकायची, वीस वर्षं घाट तिच्या पायाखालचा. तांबट तिला म्हणाला, "बाई, आज मी तुझ्याबरोबर वर येतो."

"या की. मिठावर बसा. विरघळू नका म्हणजे झालं."

गाडी निघाली. दिवा नुकताच तांबटाच्या हातून गेलेला, त्यामुळे उजेड सरळ पडत होता. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मग काचेवर काजळी आली, वरून धुक्याचं पाणी. बाईने गाडी थांबवली, चाकाला दगड लावला, कडं फिरवलं, काच काढली, पदराने लख्ख पुसली, बसवली आणि कडं आवळलं.

आणि तांबटाच्या डोळ्यांसमोर उजेड फुटला. सरळ काठी होती ती दोन्ही अंगांना सांडली. समोर धुक्याची पांढरीफेक भिंत उभी राहिली. वाट नाही, कडा नाही, दरी नाही.

तांबट गाडीवरून खाली आला, दिव्याजवळ गेला आणि बघतच राहिला. काचेचं फुगीर पोट आत गेलं होतं. खोलगट बाजू बाहेर.

"बाई, काच उलटी बसवलीस."

"उलटी? अहो, नीट बसली की. हलतेय का बघा."

"पोट बाहेर पाहिजे."

बाई त्याच्याकडे बघून हसली. "दादा, हंड्यावर झाकणी कशी ठेवतात? झाकणीचं पोट हंड्यात जातं, तेव्हाच ती घट्ट बसते. काच म्हणजे दिव्याची झाकणीच ना?"

तांबटाला सगळं दिसलं, पण दिसलेलं पटायला थोडा वेळ लागला. प्रत्येक बिघडलेला दिवा त्याच्याकडे आला होता. प्रत्येक वेळी त्याने आधी काच काढून पुसली होती आणि सवयीने पोट बाहेर करून बसवली होती. बिघाड त्याच्याच बोटांनी रोज दुरुस्त केला होता आणि मग तोच विचारत होता, बिघाड कुठे आहे. आळशी गाडीवान वाचला, कारण त्याने काचेला हातच लावला नव्हता.

तो तसाच खाली पळत आला आणि नाईकाला म्हणाला, "दिव्यात खोट नाही. माणसांत आहे. झाकणीसारखी काच लावतात. दवंडी पिटा, काचेचं पोट बाहेर ठेवा."

नाईकाने दवंडी पिटली. घाटभर पिटली.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन गाड्या चरात गेल्या. आणि त्यात एक तो आळशी गाडीवान. दवंडी ऐकून त्याने जन्मात पहिल्यांदा काच काढली होती.

तांबट संतापाने मीठवालीकडे गेला. "बाई, तुम्ही लोकांनी कानात बोळे घातलेत का?"

बाई बैलांना पेंड घालत होती. तिने मान वर केली नाही.

"बसा दादा. दवंडी म्हणाली, पोट बाहेर. कुणाच्या बाहेर? मी गाडीवर मागे बसते. माझ्याकडून बघितलं तर माझ्या अंगाला जे येतं ते बाहेर. दुसरा म्हणाला, दिव्याच्या बाहेर. तिसरा म्हणाला, आपलं पोट झाकू नका असं सांगतायत, तो उघड्या पोटाने फिरतोय आणि खोकतोय."

"एवढं साधं कळू नये?"

"खाली कळतं. वर गेलं की धुक्यात हात गारठतात. एका हातात कासरा, एका हातात काच. तेव्हा बोटांना पोट कुठलं आणि पाठ कुठली, काही कळत नाही." मग ती थांबली आणि सहज बोलल्यासारखी म्हणाली, "मला नाही कळत म्हणून तुम्ही चिडता. तुमच्या दिव्याला कळतं का?"

तांबटाने तिच्या गाडीचा दिवा हातात घेतला आणि काच एकदा सुलटी, एकदा उलटी घालून पाहिली.

दिव्याला काय कळायचं? सुलटी घाला, घेतो. उलटी घाला, तीही घेतो. दोन्हीला सारखाच हो म्हणतो. आणि असा दिवा घडवणारा तर तोच.

हा सहावा दिवस. तांबट भट्टीशी बसला तो उठला नाही. त्याने पितळेचं एक छोटं बोट ओतलं आणि दिव्याच्या तोंडाशी, ज्योतीच्या जरा खाली, आतून काचेकडे रोखून डाक देऊन जोडलं. काच पोट बाहेर करून घातली तर खोलगट बाजू त्या बोटावरून अलगद जायची. पोट आत केलं की ते बोटावर टेकायचं, काच बाहेरच राहायची आणि कडं काही केल्या आवळायचं नाही. त्याने डोळे बांधून करून पाहिलं. थंड पाण्यात हात बुडवून, बोटं बधिर करून पाहिलं. बायकोला, शेजाऱ्याला, शेजाऱ्याच्या आंधळ्या आईला करायला लावलं. म्हातारीने आधी उलटी घातली, ती बसेना, म्हणून फिरवली आणि बसवली. "यात एवढं काय विचारायचं?" म्हणाली.

सातव्या दिवशी घाटाखाली आलेल्या प्रत्येक दिव्यात त्याने तसं बोट बसवलं. पहिला दिवा मीठवालीचा. ती मीठ घेऊन वर गेली. येताना तांबटाच्या लेकीला घेऊन येणार होती.

आठवा दिवस उजाडला. तांबट आणि नाईक नाक्यावर उभे. धुकं असं, की शेजारी उभा असलेला नाईक नुसता आवाजावरून ओळखायचा. दुपार झाली. घुंगरं वाजल्यासारखी वाटली, मग थांबली. वर कुठेतरी गाडी उभी आहे, कुणीतरी काच काढतंय, एवढंच त्याला समजत होतं. खालून ओरडून काही सांगता येत नव्हतं. सांगायचं होतं तेवढं त्या पितळेच्या बोटात घालून झालं होतं.

घुंगरं परत वाजली. आणि पांढऱ्यातून उजेडाची एक सरळ काठी बाहेर आली, वळणाला वळली आणि त्याच्या पायाशी येऊन टेकली.

मीठवालीने गाडी थांबवली आणि पहिलं काय म्हणाली असेल? "दादा, तुमची काच फार हट्टी झालीय. वाटेत तीनदा काढली. तिन्ही वेळा मी आपली सवयीने झाकणीसारखीच लावायला गेले."

तांबटाने दिव्याचं कडं चाचपलं. "मग?"

"मग काय. ती ऐकेना. शेवटी मीच ऐकलं."

आतून लेकीचा आवाज आला, "आबा, दिव्याचं मागाहून विचारा. आधी मला खाली उतरवा."

दोन दिवसांनी लेक बाळंत झाली, सुईणीच्या हातून, आईच्या घरी. नाईकाने घाट उघडा ठेवला. तांबट मग लंगड्या झालेल्या गाडीवानाच्या घरी गेला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "तुझे डोळे चांगलेच होते. चुकलं माझं." त्या दिवसापासून त्या राज्यात बोट नसलेला दिवा कुणी घडवला नाही. आणि गाडीवानांना परत कुणी दवंडी पिटून शहाणं करायला गेलं नाही.

चुकू नका म्हणून ओरडणारे पुष्कळ असतात, पण चुकणारा हातसुद्धा सुखरूप घरी पोचेल अशी वस्तू जो घडवतो, तोच खरा कारागीर.