हौदावरची पाटी

फार जुनी गोष्ट. एका अस्वलाची वीटभट्टी होती आणि कवडी नावाची गाभण गाढवी तिथे विटा वाहायची. वनसभा कायदे बदलायची, तेव्हा नव्या कायद्याची पाटी प्रत्येक मालकाकडे धाडायची. अस्वल ती न वाचताच आपल्या गुहेत टांगायचं.

एका दुपारी कवडीचे पाय लटपटले. "माझं पिल्लू वाचेल ना गं?" तिनं साळुंकीला विचारलं. दूरच्या वनात शिकून परतलेली साळुंकी तडक गुहेत शिरली आणि पाटी वाचून बाहेर आली.

"अस्वलदादा, गाभण जनावरावर ओझं लादायचं नाही, असा नवा कायदा आहे!"

"अगं, पाटी लावली होती की मी!"

"लावलीत, पण तुमच्या उशाशी. कवडीमावशी काय तिथे झोपायला येते?"

सगळी गाढवं हसली. अस्वल ओशाळलं. त्यानं स्वतः कवडीच्या पाठीवरच्या विटा उतरवल्या. "बरं झालं बाई, वेळेवर बोललीस," असं म्हणून त्यानं पाटी पाण्याच्या हौदावर टांगली. पुढची प्रत्येक पाटी ते आधी वाचायचं आणि मग तिथेच लावायचं.

यथावकाश कवडीला शिंगरू झालं. हौदाशी येऊन त्यानं विचारलं, "आई, पाटी इतकी खाली का?"

"तुलाही दिसावी म्हणून. तू पोटात होतास, तेव्हा ती गुहेत होती. जा, आधी साळुंकीमावशीच्या पाया पड, मग पाणी पी."