माथ्यावरून उतरवलेली आग

शाकल नगरात सुषेण राजा राज्य करीत होता, तेव्हाची ही गोष्ट. त्या जन्मी बोधिसत्त्व हिमालयातल्या एका उंच गावी, चिडाच्या झाडांची राळ काढणाऱ्यांच्या कुळात जन्मले होते. नाव सोणक. पुढे तेच गावाचे मुखिया झाले.

या लोकांची एक रीत होती. बर्फ वितळून जमीन ओली असतानाच ते डोंगरमाथ्यावर चढत, चिडाखाली पडलेल्या सुईसारख्या वाळक्या पानांना, म्हणजे सुयांना, आग लावत आणि ती हळूहळू खाली उतरवत. खालून लावलेली आग धावत वर चढते, वरून लावलेली रांगत खाली येते, हे तिथलं शेंबडं पोरही जाणे. आधी सगळे टाळ्या पिटत रानभर फिरून जनावरं हाकलत. जुन्या चिडांची साल जाड असल्याने झाडांना काही होत नसे, आणि मोकळ्या झालेल्या मातीत नवं बी रुजे.

एका वर्षी राजा शिकारीला आला. जळल्या सुयांत त्याला एक मेलेली खार दिसली आणि त्याचं मन कळवळलं. त्याने तिथेच आज्ञा केली, "या रानात जो आग लावील, त्याचा उजवा हात तोडावा." राजा दुष्ट नव्हता हो. पण अर्धवट कळलेली दया फार महागात पडते.

सात वर्षं रानात आग लागली नाही. सुयांचा थर गुडघ्यापर्यंत आला. रोपटी इतकी दाटली की त्यांच्या फांद्या मोठ्या झाडांना टेकल्या. सोणक तीनदा राजाकडे गेले. म्हणाले, "महाराज, लहान आग नको म्हणाल तर मोठी येईल." पण पालथ्या घड्यावर पाणी!

आठव्या वर्षी बर्फ वितळताच सोणकांनी पलिता उचलला. त्यांची बायको उत्तरा आडवी आली. "अहो, हात गेला तर राळ कशाने काढणार?"

"डाव्या हाताने. गाव जळालं तर दोन्ही हात असून काय करू?"

"मग मीही येते."

"नको. शिक्षा एकालाच होऊ दे."

ते एकटेच टाळ्या पिटत रानभर फिरले. पाच दिवस खपून, मोठ्या झाडांना टेकलेली रोपटी तोडत, त्यांनी गावावरचा सगळा उतार थोडाथोडा करून जाळला. मग स्वतःच दरबारात जाऊन म्हणाले, "महाराज, आग मी लावली." राजाला वाईट वाटलं, पण शब्द मोडवेना. हात तोडला गेला.

त्याच उन्हाळ्यात पलीकडच्या डोंगरावर वीज पडली. सात वर्षांच्या सुया पेटल्या, दाट रोपट्यांवरून आग शेंड्यांवर चढली आणि शेकडो वर्षांचे वृक्ष उभ्याउभ्या जळाले. तो वणवा गर्जत सोणकांच्या उतारापर्यंत आला आणि खायला काहीच न मिळून जमिनीवर बसला. गाव वाचलं. जाळाने हाकललेली हरणं, अस्वलं, खारी, सगळी त्या काळ्या मातीवर येऊन अंगाला अंग लावून उभी होती.

राजा धावत आला. ती जनावरं पाहिली आणि सोणकांपुढे गुडघ्यांवर बसून रडू लागला. "बाबा रे, तुझा हात मी कुठून आणून देऊ?"

सोणक म्हणाले, "हात राहू दे, महाराज. आज्ञा मागे घ्या."

राजाने आज्ञा मागे घेतली. पुढे दरवर्षी तो स्वतः माथ्यावर चढे. पलिता राजा धरी आणि कुठे टेकवायचा ते सोणक डाव्या हाताने दाखवत.

एवढं सांगून शास्ता, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सुषेण राजा म्हणजे आजचा आनंद, उत्तरा म्हणजे राहुलमाता आणि सोणक मीच होतो. मोल आधीच ठाऊक असूनही जो हिताच्या कामापासून ढळत नाही, त्याने अधिष्ठान पारमी, म्हणजे अढळ निश्चयाची पूर्णता, साधली असं समजा."